अकराव्या नंबरचा मुलगा

एनिड : पेन काढून घेतलंत, पर्स काढून घेतलीत, कोट काढून घेतलात. खोकल्याच्या गोळ्यासुद्धा! आता बाहेरून कडी घालणार का आम्हाला?

रोवेना : अहो नाही हो, मिसेस हॉईल. नियमच आहे इथला. सव्वाशे वर्षांचा कागद आहे. शाईचा एक ठिपका पडला तरी माझी धडगत नाही. ही घ्या पेन्सिल.

क्लिफर्ड : घे ना गं, एनी. शाळेतल्या पोरीसारखी भांडतेस काय.

एनिड : तू गप्प बस, क्लिफ. तुला तर यायचंच नव्हतं.

क्लिफर्ड : नव्हतंच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन बस बदलून मेलेल्यांची दुःखं वाचायला कोण येतं? पण म्हटलं, धाकटी बहीण एकटी गेली तर इथल्या बिचाऱ्या माणसांचं काही खरं नाही.

(यॉर्कशरमधल्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीतली वाचनखोली. दोघं म्हातारी भावंडं एका बाजूला, कचेरीतली रोवेना दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये उशीवर तान्ह्या बाळासारखं निजवलेलं एक जाडजूड पुस्तक.)

रोवेना : हॅझलशॉच्या वेड्यांच्या इस्पितळातलं हे बायकांचं पुस्तक. एकेका बाईला चार-पाच पानं. डॉक्टर वर्षातून दोन-तीनदा चार ओळी खरडायचे. अक्षर भयंकर आहे, तेव्हा मी वाचते, तुम्ही ऐका. मध्येच थांबावंसं वाटलं तर सांगा. बरेच जण थांबतात.

एनिड : मी नाही थांबणार. सगळं ऐकायचंय मला. आज चारच्या आत दगडाचा फॉर्म द्यायचाय.

रोवेना : स्मशानातल्या दगडाचा?

एनिड : हो. हॅझलशॉच्या स्मशानात नावं नाहीतच, माहितीय ना तुम्हाला? नुसत्या लोखंडी खुंट्या, त्यांच्यावर नंबर. आता गावातली काही मंडळी पुढे आलीत, ज्यांचे नातेवाईक सापडतील त्यांना दगड बसवून देतायत. वर नाव आणि सालं, खाली एक ओळ. सोमवारी पाथरवट कोरायला बसणार.

क्लिफर्ड : आणि त्या एका ओळीवरून गेले दोन महिने आमचं महायुद्ध चाललंय. मी म्हणतो, ‘विल्फ्रेडची आई’ असं लिहू. सरळ गोष्ट आहे. विल्फ्रेड म्हणजे आमचे बाबा, पोरी.

एनिड : आणि मी म्हणते, त्या माणसाचं नाव तिच्या डोक्यावर नको. ‘माझी आई मी तीन वर्षांचा असताना वारली,’ असं सांगायचा आम्हाला. जन्मभर! वारली म्हणे. नऊ मैलांवर जिवंत होती ती. बावीस वर्षं. तो तोवर चांगला पंचविशीचा घोडा झाला होता.

क्लिफर्ड : त्यांना माहीत नसेल.

एनिड : आणि असेल तर? तेच बघायला आलेय मी. एकदा तरी गेला असेल भेटायला, तर लिही तुला काय लिहायचं ते. नसेल गेला, तर नाव नाही लागणार. वाचा हो तुम्ही.

रोवेना : ‘तबिथा ऑग्डन. वय पंचवीस. सूतगिरणीतल्या एझ्रा ऑग्डनची बायको. दाखल, नोव्हेंबर १८८९. दोन मुलं. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी पाच आठवड्यांची होऊन वारली. नवऱ्याचं म्हणणं असं, की मुलीला पुरल्यापासून बाई बाळाचे कपडे दोरीवरून काढू देत नाही. पाऊस आला तरी नाही. वाळले नाहीत, म्हणते. घरकाम टाकलंय. रात्री उठून कपड्यांना हात लावून बघते.’

क्लिफर्ड : एवढंच?

रोवेना : एवढंच.

क्लिफर्ड : एवढ्यावरून माणसाला आत टाकायचं? पोर मेलंय बाईचं!

एनिड : टाकतात, क्लिफ. मला नव्हतं ठेवलं? रॉजर झाला तेव्हा?

क्लिफर्ड : ते वेगळं होतं, एनी.

एनिड : काही वेगळं नव्हतं. तीन महिने होते मी आत. आणि बाबा एकदा तरी आले? तुम्हाला सांगते हो रोवेना, दर रविवारी माझ्या नवऱ्याबरोबर फाटकापर्यंत यायचा हा माणूस, आणि तिथूनच माघारी फिरायचा. थर्मासमध्ये चहा भरून द्यायचा नवऱ्याजवळ. चहा! स्वतः आत यायला पाय मोडले होते? मला वाटलं, माझी लाज वाटते त्याला. पुढच्याच वर्षी गेला तो. विचारायचं राहूनच गेलं.

रोवेना : थांबू या का थोडं?

एनिड : नाही. वाचा.

रोवेना : ‘मार्च १८९१. शांत आहे. खाते-पिते. धुलाईघरात कामाला लावली, काम नीटनेटकं.’ ‘जून १८९४. बदल नाही. मुलाची चौकशी करते.’ ‘१८९७. बदल नाही.’ बऱ्याच वर्षांवर नुसतं तेच आहे. ‘बदल नाही, बदल नाही.’

एनिड : बदल कसला होणार? धुलाईघरात लावली म्हणे! जिचं दुखणंच दोरीवरचे कपडे होतं, तिला धुलाईघरात! आणि भेटायला कोण आलं त्याचं काय?

रोवेना : भेटीगाठींचं रजिस्टर वेगळं असतं. मी सकाळीच काढून बघितलं. म्हणजे... मिसेस हॉईल, पेशंटच्या नावापुढे येणाऱ्याची सही घेत. ऑग्डनच्या पुढे पहिल्या वर्षी एक सही आहे, नवऱ्याची. त्यानंतर कुणाचीच नाही.

एनिड : मुलाची?

रोवेना : नाही.

एनिड : बावीस वर्षांत?

रोवेना : तीनदा तपासलं मी.

एनिड : ऐकलंस, क्लिफ? कान उघडे आहेत ना? एकदासुद्धा नाही. नऊ मैल! माणूस चालत गेला तरी दुपारच्या जेवणापर्यंत पोचतो. दे तो फॉर्म इकडे. ‘तबिथा ऑग्डन’ लिहिते, आणि खालची ओळ कोरी.

क्लिफर्ड : जरा दम खा गं. पुस्तक संपलं का? पोरी, पुढे आहे ना अजून?

रोवेना : आहे. आणि पुढेच जरा विचित्र आहे. १९०३च्या ऑगस्टपासून हिच्याबद्दल एकदम जास्त लिहिलंय. ‘क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी पाहुण्यांना चहा द्यायला ज्या शहाण्या पेशंट बायका निवडल्या त्यांत ही होती. त्यानंतर चार दिवस बेचैन. रडते, आणि हसतेही.’

क्लिफर्ड : कसली मॅच म्हणालीस?

रोवेना : क्रिकेटची. इस्पितळाचं स्वतःचं मैदान होतं. दर ऑगस्टमध्ये आसपासच्या गिरण्यांचा एक संघ यायचा इस्पितळाच्या संघाशी खेळायला. सुभेदारी थाट असायचा, बँड वगैरे. कपबश्या घेऊन फिरायचं काम पेशंट बायकांकडे.

क्लिफर्ड : थांब. थांब जरा.

एनिड : तुला काय झालं?

क्लिफर्ड : काही नाही. वाच, पोरी.

रोवेना : ‘ऑगस्ट १९०४. मॅचनंतर पुन्हा तेच. आता स्पष्ट भ्रम आहे. पाहुण्या संघातला एक खेळाडू आपला मुलगा आहे असं म्हणते. अकराव्या नंबरचा. समजूत घातली, ऐकत नाही.’ ‘ऑगस्ट १९०५. भ्रम कायम. म्हणते, चहाचा कप घेताना तो हळूच आई म्हणतो. त्याला हे सगळं घरातल्या लम नावाच्या बाईने सांगितलं, असंही म्हणते. अशी कोणी बाई असल्याची नोंद नाही.’

एनिड : काय म्हणालात?

रोवेना : अशी कोणी बाई असल्याची नोंद नाही.

एनिड : नाव! नाव काय म्हणालात?

रोवेना : लम.

एनिड : क्लिफ.

क्लिफर्ड : ऐकलं मी.

एनिड : क्लिफ, लम आजी!

रोवेना : कोण लम आजी?

क्लिफर्ड : आमच्या आजोबांच्या घरी कामाला होती. कामाला म्हणजे... काय आता, आजोबांना दुसरं लग्न तर करता येत नव्हतं. बायको जिवंत होती ना, ते आत्ता कळतंय आम्हाला. तर तिनेच घर सांभाळलं, बाबांना वाढवलं. सगळी गल्ली तिला मिसेस लम म्हणायची. मी पाच वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. पेपरमिंटचा वास यायचा तिला.

एनिड : म्हणजे तिनेच सांगितलं बाबांना. तुझी आई जिवंत आहे म्हणून.

रोवेना : पण मग हा जो खेळाडू... मी विचारू का? तुमचे वडील क्रिकेट खेळायचे?

एनिड : बाबा? क्रिकेट? अहो, त्यांना बॅट कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नव्हतं! अख्खी गिरणी हसायची त्यांना. दर वर्षी शून्य. दर वर्षी शेवटून पहिले. आमच्या घरातला जुना विनोद आहे तो.

क्लिफर्ड : वर्षातून एकच मॅच खेळायचे, एनी.

एनिड : हो, आणि तीही...

क्लिफर्ड : वर्षातून एकच. बाकीच्या मॅचना बोलावलं तरी जायचे नाहीत. आणि ह्या एकीसाठी कप्तानाच्या हातापाया पडायचे. एक वर्ष कप्तानाची परसबाग खणून दिली म्हणे. माझ्या खिशात आहे ना फोटो. हा बघ, पोरी. तुला दाखवायला म्हणूनच आणला होता, त्यातलं नाव बघून हसशील म्हणून.

रोवेना : डावीकडून शेवटचे? टोपी डोळ्यांवर आलेली?

क्लिफर्ड : तेच. आता मागे वाच. सगळ्यांची नावं आहेत.

रोवेना : ‘डब्ल्यू. लम.’

क्लिफर्ड : आम्ही म्हणायचो, फोटोवाल्याने घोळ घातला. बाबांना चिडवायचो आम्ही, मिस्टर लम, मिस्टर लम म्हणून. ते कधी हसले नाहीत. कधी म्हणालेही नाहीत की चूक आहे.

एनिड : सही करायला नको म्हणून. क्लिफ, खेळायला आलेल्या माणसाची कोण सही घेतो? नाव विचारलं तर लम. भेटायला गेले असते तर आजोबांना पत्र गेलं असतं, गिरणीत बोभाटा झाला असता, त्या लमबाईचं काय झालं असतं देव जाणे. हे बरं. पांढरे कपडे घालायचे, शून्यावर बाद व्हायचं आणि आईच्या हातचा चहा प्यायचा.

क्लिफर्ड : आता बोल. लिहायचं ना नाव?

एनिड : अरे, लिही! लिही रे! मी मेली नुसती... साठ वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या रे.

रोवेना : मिसेस हॉईल... मिस्टर ऑग्डन. मी इथेच थांबवू शकते. फॉर्म भरा, मी नेऊन देते. पुढचं पान वाचायलाच हवं असं नाही.

एनिड : असं का म्हणताय?

रोवेना : मी सकाळी वाचलंय ते. तेव्हा मला लमबाई माहीत नव्हत्या. तेव्हा मला वाटलं, बिचारीला भ्रम झाला होता.

क्लिफर्ड : वाच, पोरी. एवढं ऐकलं, तेवढंही ऐकू.

रोवेना : ‘सप्टेंबर १९०६. प्रकृती उत्तम. काम उत्तम. वागणूक समंजस. घरी पाठवण्याचा विचार समितीपुढे ठेवला होता.’

एनिड : घरी?

रोवेना : ‘परंतु मुलाविषयीचा भ्रम ढळत नाही. खात्रीसाठी धावांची वही मागवून बघितली. पाहुण्या संघात ऑग्डन नावाचा कोणीही नाही. अकराव्या नंबरवर लम नावाचा खेळाडू आहे. बाईने हेच नाव ऐकून आपल्या कथेत गुंफलं असावं. नवऱ्याला पत्राने विचारणा केली. त्याचं उत्तर, मुलगा कॅनडात असतो.’

क्लिफर्ड : कॅनडात! बाबा उभ्या जन्मात ब्लॅकपूलच्या पुढे गेले नाहीत.

रोवेना : ‘बाईला हे उत्तर वाचून दाखवलं. म्हणाली, तो ऑगस्टमध्ये आला होता, त्याच्या कोपराला खरचटलं होतं. भ्रम पक्का. सोडता येणार नाही.’

एनिड : सोडता येणार नाही.

रोवेना : खाली समितीची सही आहे. १९०८ला पुन्हा विचार झालाय. पुन्हा तेच.

एनिड : एक शब्द. नुसता एक शब्द खोटा बोलायचा होता बाईने. ‘नाही हो डॉक्टर, चुकलं माझं, माझा मुलगा नाही तो.’ सुटली असती.

क्लिफर्ड : तिच्याच्याने नाही बोलवलं, एनी.

एनिड : आणि हा दर वर्षी जायचा. नटूनथटून! गेलाच नसता तर तिचा भ्रम विरला असता, बदल झाला असता, घरी आली असती. त्याच्या जाण्यानेच ती आत राहिली, क्लिफ. अरे देवा. त्याच्या जाण्यानेच.

क्लिफर्ड : त्यांना काय ठाऊक! तीन वर्षांचं पोर आईविना वाढलं, सतराव्या वर्षी कळलं आई आहे. तू गेली नसतीस?

एनिड : गेले असते.

क्लिफर्ड : मी तर दोन्ही डाव खेळलो असतो.

एनिड : हसवू नकोस मला आत्ता. रुमालसुद्धा पर्समध्ये राहिलाय, आणि पर्स ह्या बाईंनी ठेवलीय कुलपात.

रोवेना : हा घ्या माझा. धुतलेला आहे.

एनिड : शेवट काय झाला? सांगून टाका एकदाचं.

रोवेना : ‘फेब्रुवारी १९१२. फुप्फुसाचा दाह. पहाटे मृत्यू. नवऱ्याला पत्र पाठवलं, उत्तर नाही. इस्पितळाच्या स्मशानात पुरलं.’ पुढे खुंटीचा नंबर आहे. आणि कपाटातल्या वस्तूंची यादी. एक कंगवा, एक शाल, आणि शिंपल्याची बटणं नऊ, पांढरी. क्रिकेटच्या शर्टाला असतात तसली, असं लिहिलंय कुणीतरी.

क्लिफर्ड : दर साली एखादं बटण गमावून यायचे म्हणे बाबा. लम आजी करवादायची, एवढा काय रे तू तिथे लोळतोस म्हणून. हाही घरातला विनोदच होता.

एनिड : तोडून देत होते तिला.

क्लिफर्ड : दुसरं काय देणार? खिसे तपासत असतील बायकांचे.

रोवेना : साडेतीन झालेत. तुम्हाला घाई करत नाही मी. पण चारला टपाल निघतं आमचं.

एनिड : आणा तो फॉर्म. क्लिफ, तू लिही. वर, ‘तबिथा ऑग्डन.’ सालं घाल. खाली, ‘विल्फ्रेडची आई.’

क्लिफर्ड : लिहिलं. झालं?

एनिड : जागा आहे का अजून?

क्लिफर्ड : थोडी आहे.

एनिड : मग लिही, ‘ती खरं सांगत होती.’

क्लिफर्ड : ‘ती... खरं... सांगत होती.’ चांगलं आहे, एनी.

एनिड : पेन्सिलीने चालेल ना हो? का दगडालाही तुमचा नियम?

रोवेना : चालेल. मी स्वतः नेऊन देते.

एनिड : एक मात्र राहिलं. आजोबांना पत्र गेलं ती वारल्याचं, आणि ते त्यांनी चुलीत घातलं असणार. मग बाबांना कुणी सांगितलं? त्या ऑगस्टमध्ये ते गेले असतील, तर...

क्लिफर्ड : कुणीच नाही.

एनिड : तुला काय माहीत?

क्लिफर्ड : मघापासून तेच गिळून बसलोय. तू तान्ही होतीस, तुला नाही आठवणार. मला न्यायचे ते. मी सहा-सात वर्षांचा असेन. सदतीस साली, अडतीस साली. खेळायचं वय कधीच गेलं होतं त्यांचं, नुसतं बघायला जायचे. ‘हॅझलशॉची मॅच,’ म्हणायचे, ‘तुझ्या आईला सांगू नकोस, आइसक्रीम देईन.’

एनिड : अडतीस साली? ती जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, क्लिफ!

क्लिफर्ड : मॅचकडे बघायचेच नाहीत. चहाच्या टेबलाशी बसायचे. जी बाई कप घेऊन येईल तिच्याकडून घ्यायचे, तिचं तोंड निरखून बघायचे, चहा संपवायचे, की पुढचीची वाट बघायचे. म्हाताऱ्या बायका आल्या की उठून उभे राहायचे. सहा-सहा, सात-सात कप. मला वाटायचं, किती अधाशी आहेत आपले बाबा. मला लाज वाटायची. लोक उठून चाललेले असायचे, बँडवाले पेट्या आवरायचे, आणि मी बाही ओढायचो त्यांची. म्हणायचो, बाबा, चला ना, बस चुकेल.

एनिड : मग?

क्लिफर्ड : म्हणायचे, ‘थांब जरा, राजा. अजून एक जण यायची राहिलीय.’